जुनं तगडं ग्राफिक्स कार्ड घ्यावं की नवं स्वस्तातलं? आधी डबा उघडा

परभणीत आमच्या दुकानात कॉम्प्युटर जोडून घ्यायला येणाऱ्या पोरांचा हा प्रश्न ठरलेला आहे. मोबाईलमध्ये दोन स्क्रीनशॉट असतात. एकात कुणीतरी विकायला काढलेलं जुनं तगडं जीटीएक्स १०८० टीआय, दुसऱ्यात ऑनलाइन मिळणारं नवं सीलबंद आरटीएक्स ३०५०. भाव दोन-तीन हजारांनी इकडंतिकडं. "दादा, कोणतं घेऊ?"

मी विचारतो, "कॉम्प्युटर कोणता आहे?" उत्तर येतं, "ते सांगतो ना, आधी कार्डाचं सांगा."

यूट्यूबवर कार्डाची कार्डाशी तुलना रोज होते आणि ती खोटी नसते. पण त्यांच्या टेबलावर सगळ्यात महागाचा प्रोसेसर असतो, ८५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा भाग असतो आणि खोलीत एसी असतो. तुमच्याकडं काय आहे, त्यावर तेच कार्ड पहिलं येईल की शेवटचं, हे ठरतं. म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी डब्याचा, म्हणजे कॅबिनेटचा दरवाजा काढायचा, मग कार्डाचं नाव घ्यायचं.

डब्यात काय बघायचं

पहिली नजर एसएमपीएसवर. त्यावर चिकटवलेल्या कागदावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. त्या आकड्याला १२ नं गुणलं की खरे वॉट कळतात. कॅबिनेटसोबत फुकटात आलेल्या एसएमपीएसवर बाहेरून ४५० लिहिलेलं असतं आणि गुणाकार केला की आकडा २०० च्या आसपास येतो, असं मी बऱ्याचदा बघितलंय. नंतर वायरी बघा. ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी ६ किंवा ८ पिनची वायर आहे का?

आता हिशोब साधा आहे. मदरबोर्डचा स्लॉट, म्हणजे कार्ड बसतं ती खाच, जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, ६ पिनची वायर आणखी ७५, ८ पिनची १५०. १०८० टीआय हे २५० वॉटचं कार्ड आहे. त्याला एक ८ पिनची आणि एक ६ पिनची वायर लागते, आणि कंपनीनंच त्याच्यासाठी ६०० वॉटचा एसएमपीएस सांगितलेला आहे. काही मॉडेलांना तर दोन ८ पिनच्या वायरी लागतात. याउलट आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॉटमध्ये भागवतं. म्हणजे स्लॉटमधूनच त्याचं पोट भरतं, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागतच नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट आणि एक ८ पिनची वायर, एएमडी कंपनीच्या आरएक्स ६६०० ला १३२ वॉट आणि तशीच एक वायर.

वायर नसली की पोरं शंभर रुपयांचा कन्व्हर्टर आणतात, हार्डडिस्कच्या वायरीतून ८ पिन काढणारा. २५० वॉटच्या कार्डाला तो कन्व्हर्टर मी लावून देत नाही. हार्डडिस्कची वायर एवढा करंट वाहायला केलेलीच नाही. प्लास्टिक वितळलेले कनेक्टर बघायचे असतील तर कुठल्याही रिपेरिंगवाल्याचा ड्रॉवर उघडा.

आपल्याकडं आणखी एक प्रकार लई चालतो, तो म्हणजे कंपन्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे रिफर्बिश्ड टॉवर. पैसे वाचतात, मशीनही टिकतं. पण त्यातला एसएमपीएस त्या कंपनीच्या मापाचा असतो, २४०–२९० वॉटच्या आसपास, आणि कार्डाची वायर बहुधा नसतेच. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात सरळ बसत नाही. चपटा डबा असेल तर कार्डही आखूड उंचीचं, लो प्रोफाईल लागतं. अशा मशीनसमोर १०८० टीआयची चर्चा करण्यात अर्थ नाही. मोजपट्टी तेवढी लावून बघा: १०८० टीआयची काही मॉडेलं ३० सेंटिमीटरच्या पुढं जातात आणि जाडीला अडीच स्लॉट खातात.

मग स्लॉट. १०८० टीआय पीसीआयई ३.० (३.० ही स्लॉटची पिढी) च्या पूर्ण १६ लेन, म्हणजे माहिती जायच्या वाटा, वापरतं. नव्या स्वस्त कार्डांत कंपन्यांनी लेन कापल्यात. आरटीएक्स ३०५०, ४०६० आणि आरएक्स ६६०० यांना ८ च लेन आहेत, त्या ४.० च्या वेगाच्या. तुमचा बोर्ड ३.० चा असेल तर त्या लेनचा वेग अर्धा होतो. या कार्डांत त्याचा फटका थोडाच बसतो, कार्डाची मेमरी भरून वाहायला लागली तरच जाणवतो. पण आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ लेनचं आणि ४ जीबीचं कार्ड जुन्या बोर्डावर बरंच मार खातं. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर दिलेलाच नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायला बसलात की सगळा भार प्रोसेसरवर. स्वस्त म्हणून ते कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

इंटेलचं आर्क बी५८० सुद्धा लोक दाखवतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी मेमरी, कागदावर झकास. पण त्याला बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं) हे फीचर लागतं. साधारण इंटेल १० वी पिढी किंवा रायझन ३००० च्या अलीकडच्या बोर्डांवर ते मिळतं. चौथ्या-सहाव्या पिढीच्या आय५ मध्ये ते कार्ड घालणं म्हणजे पैसे देऊन डोकेदुखी घेणं.

शेवटी मॉनिटर. घरात जुना व्हीजीएचाच मॉनिटर असेल तर जुनं-नवं दोन्ही सारखंच, कारण १०८० टीआयच्या पिढीपासूनच व्हीजीएचा सिग्नल कार्डातून गेलेला आहे. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणि मॉनिटर १०८० पी, ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० च्या वर जाणाऱ्या फ्रेम (चित्रं) तुम्हाला दिसणारच नाहीत. मग त्यासाठी पैसे का मोजायचे?

प्रोसेसर अडवतोय का, हे फुकटात तपासा

हे काम खरेदीच्या आधी करायचं. आत्ता मशीनमध्ये जे काही कार्ड आहे त्यावर एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम चालू करा, आणि तुमचा नेहमीचा गेम पंधरा मिनिटं खेळा. कोपऱ्यात जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या चिपचा वापर किती टक्के दिसतो ते बघा. ९५ च्या पुढं असेल तर कार्ड दमलंय, नवं घेतल्यावर फरक पडेल. ६० वर घुटमळत असेल आणि तरी गेम अडखळत असेल तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. खात्री करायची असेल तर गेमचं रिझोल्युशन ७२० पी करा. चित्र धूसर होईल. फ्रेम वाढल्या नाहीत तर तुम्ही कितीही तगडं कार्ड आणा, आकडा तिथंच राहणार.

चौथ्या पिढीच्या आय५ वर आणि एकाच ८ जीबी रॅमच्या काडीवर १०८० टीआय आणि ३०५० यांतला फरक निम्म्याहून जास्त गायब होतो. अशा माणसाला मी कार्डाआधी दुसरी रॅमची काडी घ्यायला सांगतो. दुकानाचा धंदा कमी होतो, पण माणूस परत येतो.

नावावर जाऊ नका, आतल्या आकड्यांवर जा

एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांच्या (जीटीएक्स, आरटीएक्स) नावात पुढचे आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन दर्जा. १०८० म्हणजे १० ची पिढी, ८० चा दर्जा. ३०५० म्हणजे ३० ची पिढी, ५० चा दर्जा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. फसवणूक पुढं आहे. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात.

जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ३०५० मध्ये ८ जीबी मेमरी, २५६० कोर (हिशोब करणारे छोटे भाग), १२८ बिटची बस (मेमरीकडं जाणारा रस्ता) आणि १३० वॉट. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावानं आलेल्या कार्डात ६ जीबी, २३०४ कोर, ९६ बिटची बस आणि ७० वॉट. बिलावर दोन्हींना "३०५०"च लिहितात. आरएक्स ५८० चंही तसंच. मूळ कार्ड २३०४ स्ट्रीम प्रोसेसरचं (एएमडीत कोरला हे नाव), पण बाजारात २०४८ वालंही त्याच नावानं फिरतंय. आणि जीटी १०३० घेणाऱ्यांनी तर जास्तच जपा. जीडीडीआर५ वाल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते, डीडीआर४ वाल्याची १७ सुद्धा नाही. नाव तेच.

मग जुन्या-नव्यांत काय जुळवून बघायचं? कोरची संख्या नाही. १०८० टीआयमध्ये ३५८४ कोर आहेत आणि आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीवाल्यातही बरोबर ३५८४ च. पण कोर मोजायची रीत मध्ये बदलली, त्यामुळं पिढी वेगळी असेल तर या आकड्यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही.

मेमरीचा वेग बघतानाही थांबून विचार करा. १०८० टीआय सेकंदाला ४८४ जीबी हलवतं, ४०६० फक्त २७२. तरी नव्या गेममध्ये ४०६० पुढं जातं. कारण त्याच्या चिपमध्येच २४ एमबी कॅश आहे, १०८० टीआयमध्ये तीन एमबीही नाही. विहिरीवरून येणारी पाईपलाईन बारीक झाली, पण बांधाला शेततळं खोदून दिलं, असा हा प्रकार आहे. शेततळ्यात मावतं तोवर काही कळत नाही. रिझोल्युशन वाढवलं, ४के केलं, की तळं रिकामं व्हायला लागतं आणि जुन्या कार्डाची मोठी पाईपलाईन कामाला येते. ३०५० ला मात्र ना मोठी पाईपलाईन, ना एवढं मोठं तळं.

तेव्हा नुसत्या ताकदीचा क्रम मी असा लावतो. १०८० पी वर, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढायची पद्धत) बंद ठेवून, सगळ्यात मागं ३०५० चं ६ जीबीवालं. त्याच्या पुढं ८ जीबीवालं. मग बऱ्याच अंतरावर एकमेकांच्या आसपास १०८० टीआय, आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ३०६०. त्यांच्या थोडं पुढं ४०६०. मार्च २०१७ चं कार्ड अजून या रांगेच्या मधोमध उभं आहे, हे मानलंच पाहिजे. त्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत ६९९ डॉलर होती. ३०५० चं ६ जीबीवालं १६९ डॉलरला निघालं.

टेस्टचे व्हिडिओ बघताना सरासरी फ्रेमसोबत "एक टक्का लो" (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा. सरासरी ७० आणि लो २५ असेल तर गेम हातात अडकत चाललेला असतो. आणि डीएलएसएस (छोटं चित्र मोठं करायची युक्ती, पुढं सांगतो) चालू करून काढलेले आकडे साध्या आकड्यांशेजारी ठेवून कुणी दाखवत असेल तर तो व्हिडिओ बंद करा.

ताकदीत जुनं पुढं असलं तरी ते कुठं हरतं

आधी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. १०८० टीआय ज्या पास्कल पिढीचं आहे, त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर द्यायचं एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलंय. ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. याचा अर्थ कार्ड बंद पडलं असा नाही. आज चालणारा गेम उद्याही चालेल. पण पुढं येणाऱ्या गेममध्ये काही गडबड झाली तर ती दुरुस्त करायला कुणी बसलेलं नाही.

दुसरं रे ट्रेसिंग. १०८० टीआयमध्ये त्याचं हार्डवेअर नाही. पूर्वी हा शोभेचा भाग होता, बंद केला की झालं. आता तो सक्तीचा व्हायला लागलाय. मे २०२५ मध्ये आलेला डूम: द डार्क एजेस हे हार्डवेअर मागतोच. तिथं साधं ३०५० कसंबसं का होईना पण खेळवतं आणि एकेकाळचा राजा दारातच थांबतो.

तिसरं डीएलएसएस. कमी रिझोल्युशनचं चित्र काढून ते मोठं करायची ही युक्ती फक्त आरटीएक्स कार्डांवर चालते. त्यामुळं ३०५० आपली बरीच पिछाडी भरून काढतं. एएमडीचं एफएसआर जुन्या १०८० टीआयवरही चालतं, पण चित्राची सफाई तेवढी येत नाही. मात्र दुकानदार "डीएलएसएस ३ मुळं दुप्पट फ्रेम" असं म्हणून ३०५० विकायला लागला तर त्याला थांबवा. मधल्या फ्रेम बनवणारं ते फीचर ४० च्या मालिकेपासून आहे, ३० ला नाही.

संभाजीनगर-नांदेडला इंजिनीअरिंगला असलेल्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट. प्रोजेक्टला मशीन लर्निंग करायचं असेल तर जुनं तगडं कार्ड विसरा. १०८० टीआयला टेन्सर कोर (मशीन लर्निंगचं गणित करणारे खास भाग) नाहीत, १६ बिटचं गणित ते ३२ बिटच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या वेगानं करतं, आणि कुडा (कार्डावर गणित चालवायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) च्या १३ व्या आवृत्तीतून पास्कलला काढून टाकलंय. ११ जीबी मेमरीचा मोह होतो, कबूल आहे. जुनी आवृत्ती टाकून काम भागतंही. पण रात्री दोनला लायब्ररी जुळत नाही म्हणून मला फोन करू नका. ब्लेंडरमध्ये थ्रीडी काम करणाऱ्यांनाही हेच, आरटीएक्सचं हार्डवेअर तिथं रेंडरचा वेळ चांगलाच कमी करतं.

लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणाऱ्यांची गोष्ट या सगळ्यांहून निराळी आहे. पाथरी, मानवत, गंगाखेडकडचे फोटोवाले येतात. कॅमेरा नवा, फाईल एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) ची, जास्त रंगमाहितीची १० बिट, ४:२:२. टाइमलाईनवर टाकली की प्रिव्ह्यू अडकतो. त्यांना वाटतं तगडं कार्ड पाहिजे. पण असली फाईल उलगडायचं सर्किट ना १०८० टीआयमध्ये आहे, ना ३०५० मध्ये, ना ४०६० मध्ये. एनव्हिडियात ते आरटीएक्स ५० च्या मालिकेपासून आलं. आणि गंमत म्हणजे इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या साध्या आतल्या ग्राफिक्सला हे जमतं. तेव्हा अशा माणसानं नावात एफ नसलेला इंटेल प्रोसेसर घ्यावा, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवावं आणि कार्डाचे पैसे एसएसडीत घालावेत. प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, एवढं बिल करण्याआधी बघा.

परभणीचा उन्हाळा आणि विजेचं बिल

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आम्ही अभिमानानं म्हणतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या वर गेला की अभिमान घामात निघून जातो. २५० वॉटचं कार्ड खेळताना २५० वॉटची उष्णता खोलीत सोडतं, त्यात प्रोसेसर वेगळा. पत्र्याच्या खोलीत हा हिटरच झाला. १०८० टीआयची कमाल मर्यादा ९१ अंश आहे, पण तिथं पोचायच्या आधीच ते आपला वेग उतरवायला लागतं. डिसेंबरात घेतलेली टेस्ट मेमध्ये लागू पडत नाही, ती अशी.

कूलरच्या झोतासमोर डबा ठेवू नका. ओली हवा, त्यात आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार. पंख्यावर पांढरा थर दिसायला लागला की समजा बोर्डावरही बसलाय. डबा कूलरच्या बाजूला, खिडकीच्या वाऱ्यात ठेवा.

बिलाचा हिशोब कुणी करत नाही म्हणून इथं करून दाखवतो. १०८० टीआय २५० वॉट, ३०५० सहा जीबी ७० वॉट. फरक १८० वॉटचा. रोज चार तास खेळलात तर ०.७२ युनिट, महिन्याला २१.६ युनिट. तुमच्या बिलावर सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडतो असं समजू. महिन्याला २६० रुपयांच्या आसपास, वर्षाला ३,१०० च्या जवळ. घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये सरकलं तर याहून जास्त. आणि यूपीएस विसरू नका. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. १०८० टीआय पूर्ण जोरात असताना लाईट गेली तर तो टूं करून सगळंच बंद करतो.

माझ्या भाच्याचं कसं ठरलं

भाचा संभाजीनगरला खोली करून राहतो. त्यानं फोन केला, "मामा, १०८० टीआय चौदा हजारात मिळायलंय, घेऊन टाकू का? ३०५० सहा जीबी सतरा सांगायलेत."

म्हटलं, "मशीन कोणतं रे तुझं?"

"डेलचा टॉवर, आय५ सहावी पिढी. तुम्हीच दिलेला."

म्हणजे २४० वॉटचा एसएमपीएस, कार्डाची वायर नाही. १०८० टीआय घ्यायचं तर एसएमपीएस, तो बसवायला कनेक्टर, वाकलेला दरवाजा आणि बहुधा दुसरं कॅबिनेट. चांगला एसएमपीएसच साडेचार हजार. १४,००० अधिक ४,५००, वरून वर्षाची वीज ३,१००. झाले २१,६०० आणि हातात वॉरंटी नसलेलं कार्ड. आणि त्या प्रोसेसरवर त्याची निम्मी ताकद वाया. वर त्याला कॉलेजचा प्रोजेक्ट करायचाय. त्याला मी ३०५० सहा जीबीच घ्यायला लावलं, ३ वर्षांच्या वॉरंटीचं. ताकदीत ते १०८० टीआयच्या जवळपासही नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

जिंतूरच्या एका गिऱ्हाईकाला मात्र मी १०८० टीआयच घ्या म्हटलं. त्याच्याकडं रायझन ५ ३६००, ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस आणि १४४० पीचा मॉनिटर आधीच होता. खेळतो ते गेम २०२० च्या आधीचे. कार्ड ओळखीच्या माणसाकडं नऊ हजारात. ११ जीबी मेमरीमुळं टेक्स्चर पूर्ण ठेवता येतात. एवढ्या पैशात नवं काहीच त्याच्या जवळ येत नाही.

आणि एसएमपीएस नवा घ्यायचाच असेल, बजेट वीस-बावीसपर्यंत ताणता येत असेल, कुडाचं काम नसेल, तर मी दोन्ही सोडून नवं आरएक्स ६६०० बघायला सांगतो. ऑक्टोबर २०२१ चं आहे, पण १०८० टीआयएवढीच ताकद निम्म्या विजेत देतं, आणि एएमडीनंही त्यासाठी ४५० वॉटच पुरेसे सांगितलेत.

जुनं घ्यायचं ठरलं तर

फोटो बघून पैसे पाठवू नका. विक्रेत्याच्या घरी जा, त्याच्या मशीनवर चालवून दाखवायला सांगा. पेनड्राईव्हमध्ये जीपीयू-झेड, फरमार्क आणि ओसीसीटी हे तपासणीचे प्रोग्राम घेऊन जा.

जीपीयू-झेड उघडलं की नाव, मेमरी, बस आणि कोर जुळवा. जुनाट कार्डाचा बायोस बदलून त्याला नवं नाव दिलं असेल तर ते बऱ्याचदा नावापुढंच "फेक" असं दाखवतं. मग ओसीसीटीमधली व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची टेस्ट लावा, चुका शून्य आल्या पाहिजेत. फरमार्क पंधरा मिनिटं चालू द्या. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी, रेघा दिसल्या तर मेमरी गेलीय. "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे" असं ऐकून घेऊ नका, उठा. तापमान चढत जाऊन कुठं स्थिर होतं ते बघा. ८५ च्या पुढं पळत असेल तर पेस्ट आणि थर्मल पॅड बदलावे लागतील, तेवढे पैसे भावातून कापा. मशीन नुसतं चालू असताना पंखे फिरत नाहीत म्हणून घाबरू नका, बऱ्याच कार्डांचे पंखे थंड असताना थांबलेलेच असतात. गरम झाल्यावर सगळे फिरले पाहिजेत, खरखर न करता.

केबल एकेका पोर्टला लावून बघा. एकाच एचडीएमआयवर चालणारं कार्ड गळ्यात पडतं ते इथंच. स्क्रू झिजलेले आहेत का, चिपच्या भोवती चिकट पिवळसर डाग आहेत का, ८ पिनच्या सॉकेटचं प्लास्टिक काळवंडलंय का, हे टॉर्च लावून बघा. डाग म्हणजे हीटगननं काम झालंय. असं कार्ड महिनाभर झकास चालतं आणि मग जातं.

माइनिंगचं (इथेरियमसारखं डिजिटल चलन कमवायला राबलेलं) कार्ड म्हणून सरसकट नाक मुरडायचं कारण नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं कार्डावरचं माइनिंग बंद झालं आणि ढिगानं कार्डं बाजारात आली. ती एकसारख्या तापमानाला चाललेली असतात. त्यांचे पंखे आणि पॅड गेलेले असतात, चिप बहुधा ठीक असते. भाव तसा करा.

कुरिअरनं मागवायचंच असेल तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ न तोडता काढा, आणि सीरियल नंबर आधी मागवून जुळवा. नव्या कार्डाचंही बिल जपून ठेवा. वॉरंटीत पाठवायचं झालं की परभणीहून ते पुण्या-संभाजीनगरकडं जातं आणि यायला आठवडे लागतात, तेव्हा जुनं कार्ड लगेच विकू नका.

घरी आणल्यावर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या प्रोग्रामनं आधीचे ड्रायव्हर पुसा, मशीन बंद करा, कार्ड बसवा. दोन वायरी लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी ओढा, एकाच वायरीची दोन तोंडं वापरू नका. १०८० टीआयसारखं जड कार्ड असेल तर खालून टेकू द्या. ड्रायव्हर टाकून झाला की जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसचा रकाना बघा. तिथं पीसीआयई १.१ दिसलं म्हणून बिचकू नका, कार्ड निवांत असतं तेव्हा ते गिअर खाली टाकतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा. १०८० टीआयला १६ लेन आणि ३.०, नव्या ८ लेनच्या कार्डाला ८ असं दिसलं पाहिजे. १६ च्या जागी ४ दिसत असेल तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे, ते काढून प्रोसेसरजवळच्या पहिल्या स्लॉटमध्ये घाला.